पोटाची चरबी कमी करायची मशीन बरी का लायपो? सोलापुरात कुणी केलंय का?

मधली_सून

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचतेय इथं, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३९, उंची ५ फूट २, वजन ६८. दोन्ही सिझर. जुळे सोलापूरला राहते, नोकरी दिवसभर खुर्चीतली. धाकटी झाली तेव्हा ८१ वर गेले होते, दीड वर्ष रोज सकाळी चालून आणि रात्रीचा भात बंद करून १३ किलो उतरवलेत, हात बारीक झाले, चेहरा उतरला इतका की सासूबाई विचारतात बरं नाहीये का, पण पोट काही हलेना. बेंबीच्या खाली टाक्याच्या वर एक पिशवी लोंबतेय आणि साडी नेसली की निऱ्यांच्या वर आडवी वळकटी दिसते. मागच्या महिन्यात रिक्षात शेजारच्या आजींनी विचारलं कितवा महिना. हसले मी, घरी येऊन रडले.

पुतणीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय. मैत्रिणीसोबत एका स्लिमिंग सेंटरला जाऊन आले. त्यांनी टेप लावला, वजन केलं, आणि सांगितलं ८ सिटिंगचं पॅकेज ३८ हजार, त्यात फॅट फ्रीझिंग, कॅव्हिटेशन, आरएफ सगळं येतं, ६ इंच कमी होणार गॅरंटी, आजच बुक केलं तर १० टक्के सूट. मी येडी, ५ हजार भरून आले. घरी आल्यावर लक्षात आलं की पांढरा कोट घातलेल्या मॅडमनी मला बीपी, शुगर, सिझर काहीसुद्धा विचारलं नाही. आमचे हे म्हणतात तुला जे करायचं ते कर पण नीट विचारून कर. म्हणून विचारतेय.

यातलं खरंच काय होतं? लायपो म्हणजे चरबी ओढून काढायचं ऑपरेशन करायचं झालं तर सोलापुरातच करावं का पुण्याला जावं? आणि जीवाला धोका किती असतो?

कडक_भाकरी

अक्का ५ हजार गेले असं समजा. रोज कंबर तलावाला चकरा मारा, एक रुपया लागत नाही. उगं नाव ठेवलंय का बे जुन्या लोकांनी कंबर तलाव.

रात्रपाळी

भाकरी, ताईंनी १३ किलो उतरवलेत, तू किती उतरवलेस ते आधी सांग. (आणि आता संभाजी तलाव म्हणतात त्याला.)

ताई मी ड्युटीवर आहे, उद्या सकाळी सविस्तर लिहिते. तोवर बाकीचे पैसे भरू नका एवढं ऐका.

पुणे_सोलापूर_पुणे

मी फॅट फ्रीझिंग केलंय, पुण्यात, २०२३ ला, कमरेच्या दोन्ही बाजूंना, म्हणून अनुभवातून लिहितो.

आधी हे की तुम्हाला सांगितलेल्या तीन गोष्टी तीन वेगळ्या मशीनी आहेत. फ्रीझिंग म्हणजे क्रायोलिपोलिसिस, थंडीनं चरबीच्या पेशी मारायच्या. कॅव्हिटेशन म्हणजे अल्ट्रासाऊंड. आरएफ म्हणजे उष्णता, ती जास्त करून कातडीसाठी. एका पॅकेजमध्ये सगळं मिसळभाजीसारखं घालून देतात म्हणजे कशानं काय झालं ते कुणालाच कळत नाही.

फ्रीझिंगची गोष्ट मजेशीर आहे. लहान पोरांनी गारेगार गालात धरून ठेवलं की काही दिवसांनी गालात खळगा पडतो असं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, कारण चरबी कातडीपेक्षा आधी थंडीला बळी पडते. त्यावरून बोस्टनच्या डॉक्टरांनी मशीन काढली आणि २०१० ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-मशीनींना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्यानं, कमरेच्या बाजूंसाठी परवानगी दिली, पोटासाठी नंतर २०१२ ला. म्हणजे थोतांड नाहीये. पण फरक किती पडतो ते ऐका. जिथं कप लावला तिथला चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्के पातळ होतो, आणि तो पण दोन तीन महिन्यांनी, कारण मेलेल्या पेशी शरीर हळूहळू साफ करतं. वजनकाट्यावर शून्य फरक. माझं वजन आधी ७४ होतं नंतर पण ७४. जुन्या जीन्सचं बटण लागायला लागलं, बस. बायकोला मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

तासभर तो कप कातडी ओढून धरतो, पहिली दहा मिनिटं जीव जातो मग सुन्न होतं. काढल्यावर तिथं थंडीत गोठलेल्या तुपासारखा घट्ट गोळा असतो आणि तो चोळतात तेव्हा खरं दुखतं. तीन आठवडे ती जागा माझी नव्हतीच, इतकी बधिर.

आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, नंतर वाचली. क्वचित कुणाला उलटंच होतं, चरबी कमी व्हायच्या ऐवजी त्या कपाच्या आकाराची वाढून घट्ट गाठ होते आणि मग ती ऑपरेशन करूनच काढावी लागते. लिंडा इव्हँजेलिस्टा म्हणून जुनी सुपरमॉडेल आहे, तिनं २०२१ ला जाहीर सांगितलं की तिला हेच झालं. पुरुषांत जास्त दिसतं म्हणतात, वाचल्यावर माझी झोप उडाली होती. शिवाय थंडीनं अंगावर गांधी उठणारे, बोटं निळी पडणारे, क्रायोग्लोब्युलिन वगैरे रक्ताचे आजार असणारे, यांनी करायचंच नाही. हर्निया असेल तरी नाही. हे विचारायला दोन मिनिटं लागतात आणि तुम्हाला ते विचारलंच नाही!

मशीन कुठली हे पण विचारा. कातडी आणि कप यांच्या मध्ये जेलचा पॅड लागतो, तो प्रत्येकाला नवीन. स्वस्तातल्या डुप्लिकेट मशीनीनं कातडी जळालेल्या केसेस आहेत.

आणि ६ इंच गॅरंटी म्हणजे टेपचा खेळ. सकाळी उपाशी पोटी, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेत मोजा आणि संध्याकाळी जेवून परत मोजा, दोन इंच तिथंच निघतात. प्लास्टिक गुंडाळून घाम काढतात ते पाणी असतं, दोन तांबे पाणी प्यालात की परत.

रात्रपाळी

आले. मी ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, १४ वर्षं झाली, हॉस्पिटलचं नाव विचारू नका.

ताई लायपो हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाहीये हे आधी डोक्यात पक्कं करा, सर्जन लोक पण हेच सांगतात पण पेशंट ऐकत नाही. कातडीखालच्या चरबीत आधी सलाईन, त्यात भुलीचं लिडोकेन आणि ॲड्रेनालिन असं पाणी भरतात, जागा फुगते, रक्तवाहिन्या आवळतात, मग बारीक पोकळ नळीनं चरबी ओढून घेतात. ही पाणी भरायची पद्धत अमेरिकेतल्या क्लाइन नावाच्या कातडीच्या डॉक्टरनं ८०च्या दशकात काढली, त्याआधी रक्त फार जायचं. आता रक्त कमी जातं म्हणून लोकांना वाटतं किरकोळ आहे. किरकोळ नाहीये. लिडोकेन वजनावर मोजून द्यावं लागतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त कधी होतं माहितीये का, दहा बारा तासांनी, म्हणजे पेशंट घरी जाऊन झोपलेला असतो तेव्हा. म्हणून रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर हातात असल्याशिवाय घरी जायचं नाही.

एका वेळेला ५ लिटरच्या वर काढलं तर ते मोठं लायपो धरतात, त्याला रात्रभर दवाखान्यात ठेवून बघावं लागतं. कुणी तुम्हाला म्हणालं एका दिवसात ८ लिटर काढून संध्याकाळी सोडतो, तर चप्पल घाला आणि निघा.

धोका काय तर पायात गुठळी होऊन फुप्फुसात जाणं, चरबीचे कण रक्तात जाणं, नळी आत पोटात लागणं, इन्फेक्शन. कमी होतं पण होतं. बंगळुरूत मे २०२२ ला कन्नड सिरियलमधली २१ वर्षांची पोरगी चरबी काढायच्या ऑपरेशननंतर गेली, पेपरला आलं होतं. २१ वर्षं. आमच्या ओटीत त्या दिवशी कुणी जास्त बोललं नाही.

म्हणून सोलापूर का पुणे हा प्रश्न नंतरचा. आधी माणूस बघा. एमबीबीएस, मग एमएस, मग प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच किंवा डीएनबी, हा सरळ रस्ता. कातडीचे एमडी डॉक्टर पण जागं ठेवून छोटं लायपो करतात, ट्रेनिंग घेतलेले असतील तर ठीक. नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलं असेल तर त्याखाली डिग्री काय ते वाचा, कारण तो शब्द कुणीही लावतं. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर नाव टाकलं की रजिस्ट्रेशन दिसतं, मोबाईलवर होतं. मग जागा बघा. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं असतं. भूल द्यायला वेगळा भूलतज्ज्ञ येणार का, का सर्जनच सुई मारून सर्जनच नळी घालणार? ऑक्सिजन, मॉनिटर, आणि काही झालं तर आयसीयू किती मिनिटांवर? हे विचारल्यावर डॉक्टर चिडला तर बरंच झालं, कळलं तरी. सोलापुरात शिकलेले चांगले सर्जन आहेत, पुण्याचा बोर्ड बघून भुलू नका, आणि टाके दाखवायला, ड्रेसिंगला चार वेळा जावं लागतं, प्रत्येक वेळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणार का तुम्ही सुजलेलं पोट घेऊन?

अजून एक. कातडीखालची चिमटीत येते ती चरबी वेगळी आणि आत आतड्याभोवतीची वेगळी. आतल्या चरबीला कुठली नळी न् कुठली मशीन लागत नाही. २००४ ला अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांची जवळजवळ दहा दहा किलो चरबी लायपोनं काढून बघितली, अडीच महिन्यांनी शुगर बीपी होतं तिथंच. तेव्हा डायबेटिस कमी व्हावा म्हणून कुणी लायपो करत असेल तर पैसे वाया. आपल्याकडं बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, पुरुषाची ९०, त्याच्यावर गेलं की आधी तपासण्या करून घ्या.

आणि ताई आता तुमच्या पोटाचं. उताणं झोपा, गुडघे मोडा, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा आणि नुसती मान उचला. मधे खड्डा लागतो का, किती बोटं जातात ते सांगा.

मधली_सून

रात्रपाळी ताई किती मनापासून लिहिलंत. केलं तुम्ही सांगितलं तसं, पोरींना बाहेर काढून दार लावून. अडीच तीन बोटं जातात. मधे उंचवटा येतो होडीसारखा. घाबरले आहे जरा.

आणि एक, त्या सेंटरला फोन केला बाकीचे भरत नाही म्हणून, तर म्हणाल्या मॅडम मशीन नको तर इंजेक्शन घ्या, चरबी वितळवणारं, पोटात २० टोचे, एका दिवसात मोकळ्या. हे काय असतं?

रात्रपाळी

घाबरू नका. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात, काहींचे परत जवळ येत नाहीत. म्हणून पोट पुढं येतं. ती चरबी नाहीच! मशीन लावली असती तर १०० सिटिंगनी पण काही झालं नसतं. हर्निया आहे का ते मात्र सोनोग्राफी करून बघून घ्या.

औषधवाला_काका

इंजेक्शनबद्दल मी सांगतो, ३० वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे.

चरबी वितळवणारं म्हणून जे खरं मान्यता असलेलं औषध आहे ते डीऑक्सिकोलिक ॲसिड. आपल्या पित्तात असतं तसलंच. अमेरिकेत २०१५ ला मान्यता मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोटासाठी नाही. चुकीच्या जागी गेलं तर नस दुखावते, कातडी काळी पडून जखम होते. बाजारात नेटवरून येतात त्या कोरियन लिहिलेल्या बाटल्या, आत काय ते देव जाणे. २०२३ ला अमेरिकेच्या एफडीएनं स्वतः इशारा काढला होता की असल्या मान्यता नसलेल्या इंजेक्शननं लोकांना गाठी, जखमा, इन्फेक्शन होतंय. बेटा, तुला कुणी बाटली दाखवली का? नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, लायसन्स नंबर? मागून बघ. दाखवणार नाहीत.

हल्ली आमच्याकडं भूक मारणाऱ्या इंजेक्शनची पण चौकशी फार होते, मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आलं भारतात. ते वेगळं प्रकरण, ते अख्ख्या शरीराचं वजन कमी करतं, पोटाची पिशवी निवडून नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागायला येऊ नये कुणी. परवा एक पोरगं आलं, वजन ६०, म्हणे लग्न आहे. हाकलला.

होटगी_रोडचा_राजा

पुरुषानं पण लिहावं म्हणून लिहितो, लाज सोडून. मला छातीवर बायकांसारखी चरबी होती, शाळेत पोरं चिडवायची, पोहायला कधी शर्ट काढला नाही, सिद्धेश्वर तलावावर मित्र गेले की मी कपडे सांभाळत बसायचो. २९ व्या वर्षी लायपो आणि खालची गाठ काढली. आधी हार्मोनच्या टेस्ट केल्या, हे महत्त्वाचं, कारण कधी कधी औषधानं पण होतं ते.

रिझल्ट चांगला आहे. पण मूर्खपणा सांगतो. ऑपरेशन केलं एप्रिलमध्ये, कारण ऑफिसला सुट्टी होती. नंतर सहा आठवडे ते टाइट प्रेशर जाकीट चोवीस तास घालायचं असतं, आंघोळीपुरतं काढायचं. सोलापूरचा मे महिना, ४३ डिग्री, दुपारची लाईट गेलेली, आणि अंगात ते जाकीट. घामोळ्यांनी पाठ सोलली माझी. रात्री अंगणात ओली चादर अंगावर घेऊन झोपायचो, सोलापुरी चादर बरं का, वाळायला दोन तास लागायचे हाच फायदा. जे कोण करणार आहात ते दिवाळीनंतर करा.

दुसरं, पहिला महिना मी आरशात बघून रोज रडायचो, आधीपेक्षा जास्त सुजलेलं, निळं काळं, एक बाजू मोठी एक लहान. सर्जन म्हणाले तीन महिने आरसा बघू नकोस. खरं होतं, सहा महिन्यांनी बसलं सगळं. अजून डाव्या बाजूला हात फिरवला की जरा खडबडीत लागतं, बघून कळत नाही. मेडिक्लेममध्ये एक पैसा मिळाला नाही, कॉस्मेटिक म्हणून, ते पण आधी धरून चाला.

कडक_भाकरी

राजा भावा, मान गये. अक्का माफ करा, उगं बोललो मी वर. आमच्या वहिनीला पण तसलंच पोट आहे, आम्ही येड्यासारखं चिडवायलो इतके दिवस. आज दाखवतो तिला हे.

पुणे_सोलापूर_पुणे

राजा, लायपोनंतर वजन वाढलं तर काय होतं? मला कुणीतरी सांगितलं की काढलेल्या जागी परत येत नाही.

होटगी_रोडचा_राजा

काढलेल्या पेशी परत येत नाहीत पण राहिलेल्या फुगतात ना. माझं सात किलो वाढलं मधे, छातीवर कमी आलं, पोटावर आणि मागं आलं. म्हणून वजन सहा महिने एका जागी टिकवून मगच कर म्हणाले होते मला.

मधली_सून

बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी. सोनोग्राफी केली, हर्निया नाही. इथल्याच एका प्लास्टिक सर्जनना दाखवून आले, नाव काउन्सिलच्या साइटवर बघून गेले होते. ७०० रुपये फी आणि पाऊण तास बोलले. आधी विचारलं अजून मूल हवंय का. मग सिझर, थायरॉइड, गोळ्या, घरात कुणाला पायात गुठळी झाली होती का, सिगारेट. मी म्हटलं सर सिगारेट? म्हणाले विचारावं लागतं, जखम भरत नाही.

मग कातडी चिमटीत धरून दाखवली. म्हणाले तुमच्या पोटात चरबी थोडीच आहे, मुख्य आहे सैल कातडी आणि सरकलेले स्नायू. नुसतं लायपो केलं तर आतली चरबी जाऊन पिशवी अजून लोंबेल. करायचंच तर टमी टक, म्हणजे कातडी कापून स्नायू शिवून घ्यायचे. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा व्रण, तो आयुष्यभर राहणार. दोन तीन दिवस दवाखाना, पोटाला नळ्या, आठवडाभर वाकून चालायचं, सहा आठवडे काही उचलायचं नाही, धाकटीला पण नाही. लग्नाच्या आधी तर विषयच नाही. आधी फिजिओकडं तीन महिने पोटाचे व्यायाम करा, काहींची फट त्यानं बरीच भरते, मग परत या, घाई कशाची. एवढं सगळं ऐकून मला रडू यायला पाहिजे होतं पण उलट हलकंच वाटलं, दीड वर्ष मी स्वतःला आळशी समजत होते हो. रोज चालून पोट का जात नाही म्हणून रात्रीची चपाती पण बंद केली होती मी.

फिजिओ सुरू केलाय. साधे झोपून उठून बसायचे सिटअप करायचे नाहीत म्हणाल्या, त्यानं फट वाढते, झोपून श्वास सोडत पोट आत घ्यायचं वगैरे चाललंय. लग्नाला इरकल घेतलीय, शिंप्यानं परकराला रुंद पट्टा लावून दिलाय, त्यानं वळकटी बरीच दबते. ८० रुपये.

सेंटरला ५ हजार मागायला गेले होते ह्यांना घेऊन. पैसे परत द्यायचा नियम नाही म्हणे. अर्धा तास वाद घातल्यावर पाच फेशियलचं कूपन हातात ठेवलं, वर्षभर चालतं. दोन मी करते, दोन नवरीला देते. पाचवं कुणाला पाहिजे तर मेसेज करा.

कडक_भाकरी

अक्का ते पाचवं वहिनीसाठी मी घेतो. चिडवलेलं भरून निघंल जरा.